कॉम्प्युटर आपोआप नेट का ओढतो? घरच्या लिनक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात घरी उबंटू, मिंट किंवा डेबियन वापरणाऱ्यांसाठी हे पान आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या; मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ; रूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य मालकाच्या, अधिकाराने कमांड चालवायला तो आधी लावतात.

काहीच उघडलेलं नाही, तरी राउटरचा दिवा लुकलुकतोय. कुणी आत शिरलंय का?

दिव्यावरून काहीच ठरत नाही. साठ बाइटचं एक पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) गेलं तरी दिवा लुकलुकतो आणि सिनेमा डाउनलोड होत असला तरी लुकलुकतो. राउटर आणि घरातली यंत्रं दिवसभर एकमेकांची चौकशी करत असतात. 'हा पत्ता कुणाचा?' हे एआरपी विचारतं, 'प्रिंटर आहे का कुणाकडे?' हे एमडीएनएस विचारतं. शिवाय उबंटूचा नेटवर्क मॅनेजर दर ३०० सेकंदांनी नेट खरंच चालू आहे का ते उबंटूच्या सर्व्हरला विचारून बघतो, आणि घड्याळ जुळवणारी सेवा जास्तीत जास्त ३४ मिनिटांनी एकदा एनटीपीला, म्हणजे वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला, यूडीपी पोर्ट १२३ वर हाक मारते (पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एखाद्या सेवेच्या दाराचा क्रमांक). ही सगळी चिल्लर आहे. काळजी करायची की नाही हे दिवा बघून ठरवू नका, आकडा बघून ठरवा.

मग आकडा कसा काढायचा?

'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएनस्टॅट' करा आणि एक दिवस तसंच राहू द्या. व्हीएनस्टॅट पाकिटं उघडून बघत नाही, लिनक्सचा गाभा असलेला कर्नल जे मोजतो तेच दर पाच मिनिटांनी लिहून ठेवतो. त्यामुळे कॉम्प्युटर हळू होत नाही. दुसऱ्या दिवशी 'व्हीएनस्टॅट -एच' दिलं की तासावारी हिशोब दिसतो आणि 'व्हीएनस्टॅट -डी' दिलं की दिवसावारी. आताचा वेग बघायचा असेल तर 'व्हीएनस्टॅट -एल'.

इथे बहुतेकांची गल्लत होते ती बिट आणि बाइटमध्ये. केबलवाला '१०० एमबीपीएस' म्हणतो ते मेगाबिट. आठाने भागलं की साडेबारा मेगाबाइट. एक साधा हिशोब लक्षात ठेवला तर पुरे: सेकंदाला १ किलोबाइट सतत जात राहिलं तर दिवसाला सुमारे ८६ एमबी आणि महिन्याला अडीच जीबीच्या थोडं वर. म्हणजे रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरचा तासाला दोन-चार एमबी खर्च ही चिंतेची गोष्ट नाही. रोज पहाटे तीनला नेमाने २०० एमबी बाहेर *जात* असतील, तर मात्र बघायला हवं. येणारा डेटा जास्त असेल तर तो बहुधा अपडेट असतो. जाणारा जास्त असेल तर एक तर बॅकअप किंवा सिंक चालू आहे, नाहीतर गडबड आहे.

कोणता प्रोग्राम नेट खातोय हे कसं कळणार?

आधी प्रोग्राम शोधा, पत्त्याच्या मागे नंतर लागा. लोक नेमकं उलट करतात. कुठला तरी आयपी पत्ता पकडतात, तो अमेरिकेतला निघतो, मग फायरवॉलमध्ये बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर अपडेट होईना म्हणून डोकं धरून बसतात.

ब्राउझर पूर्ण बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि 'सुडो नेटहॉग्स' चालवा. प्रत्येक ओळीत प्रोग्राम, तो कुणाच्या नावाने चालतोय, आणि पाठवलेला व आलेला डेटा असतो. 'एम' दाबलं की सेकंदाचा वेग जाऊन एकूण बेरीज दिसते. किरकोळ, अधूनमधून जाणारा डेटा पकडायला ही बेरीजच कामाला येते. एक खाच मात्र आहे: नेटवर डेटा मुख्यतः टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धतींनी जातो, आणि नेटहॉग्स मुळात फक्त टीसीपी मोजतो. क्रोम तर गूगल आणि यूट्यूबशी बरंचसं यूडीपीवरूनच बोलतो. म्हणून व्हीएनस्टॅट भरपूर डेटा दाखवतो आणि नेटहॉग्स रिकामा दिसतो. अशा वेळी '-सी' जोडा, हा सी मोठा; मग यूडीपीही मोजलं जातं.

दुसरं हत्यार 'सुडो एसएस -टीयूएनपी'. सुडो विसरलात तर दुसऱ्यांच्या नावाने चालणारे प्रोग्राम दिसणारच नाहीत, आणि 'नाव नसलेलं कनेक्शन' म्हणून उगाच भीती बसेल. एक ओळ वाचून बघू:

टीसीपी, ईस्टॅब, ०, ०, १९२.१६८.१.७:४८२१६, १४२.२५०.७०.७८:४४३, फायरफॉक्स, पीआयडी ३११२

'ईस्टॅब' म्हणजे जोडणी चालू आहे. दोन शून्यं म्हणजे रांगेत अडकलेला डेटा नाही. मग आपला पत्ता, समोरचा पत्ता, प्रोग्रामचं नाव, आणि पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक. आपल्या बाजूचा ४८२१६ हा पोर्ट बघून 'हा कुणी उघडला?' असं विचारलं जातं. कुणीच नाही, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला लिनक्स ३२७६८ ते ६०९९९ मधला एखादा मोकळा आकडा देतो. बघायचा तो समोरचा ४४३, म्हणजे एचटीटीपीएस.

'टाइम-वेट' लिहिलेल्या ओळीपुढे प्रोग्रामचं नाव कधीच नसतं. प्रोग्राम काम संपवून गेलेला असतो, कर्नल फक्त मिनिटभर ती जोडणी धरून ठेवतो. त्यात लपवाछपवी काही नाही.

'अंडरस्कोर एपीटी' नावाचा कुणी अनोळखी यूजर डेटा ओढतोय. हा कोण?

घरचाच आहे. अपडेट उतरवताना एपीटी (प्रोग्राम उतरवून बसवणारी व्यवस्था) स्वतःचे अधिकार कमी करून घेतो आणि याच नावाने काम करतो. नेटहॉग्समध्ये तो 'यूएसआर, लिब, एपीटी, मेथड्स, एचटीटीपी' अशा वाटेचा प्रोग्राम म्हणून दिसतो. याला मारू नका, उतरवून घेऊ द्या.

लाईट गेली होती. आल्यावर कॉम्प्युटर चालू केला तर लगेच जोरात डाउनलोड सुरू. दर वेळी हेच. का?

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर सोपं आहे. उबंटू आणि डेबियनमध्ये 'एपीटी-डेली' नावाचा टायमर दिवसातून दोनदा नव्या पॅकेजांची यादी आणतो, आणि 'एपीटी-डेली-अपग्रेड' सकाळी सहाच्या सुमारास ती बसवतो. सगळ्या जगाचे कॉम्प्युटर एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून वेळ मागेपुढे केलेली असते. या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू असतो. कॉम्प्युटर बंद असताना वेळ चुकली, तर सुरू झाल्यावर चुकलेलं काम आधी उरकायचं, असा त्याचा अर्थ. इन्व्हर्टर नसलेल्या घरात रोज दोनदा लाईट जात असेल तर हे काम रोज सुरुवातीलाच अंगावर येणार.

'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' द्या. कोणतं काम मागे कधी झालं आणि पुढे कधी आहे, ते एका पडद्यावर दिसतं. व्हीएनस्टॅटमधला फुगलेला तास आणि इथली वेळ जुळली की कोडं सुटलं. खात्री हवी असेल तर 'व्हार' मधल्या 'लॉग'मधल्या 'एपीटी' फोल्डरात हिस्टरी नावाची फाइल आहे. काय बसवलं आणि किती वाजता, सगळं तिच्यात आहे.

वेळ बदलायची असेल तर 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट एपीटी-डेली.टायमर' उघडा आणि 'टायमर' विभागात आधी रिकामं 'ऑनकॅलेंडर=' लिहा, खाली दुसऱ्या ओळीत आपली वेळ. रिकामी ओळ गाळली तर जुनी वेळही राहते आणि नवीही लागते, मग काम दोन्ही वेळा होतं. दोन टायमर असल्याने हेच दुसऱ्यालाही करावं लागेल. टायमर कायमचा बंद करू नका. सुरक्षेचे अपडेट याच वाटेने येतात.

एक जोडप्रश्न: लाईट आल्यावर घड्याळ १९७० किंवा भलत्याच तारखेला जातं आणि कुठलीच साइट उघडत नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला. तारीख चुकली की प्रमाणपत्रं चुकीची ठरतात, प्रोग्राम पुन्हा पुन्हा जोडणी करत राहतात आणि ट्रॅफिक उगाच वाढतं. सेल बदला, दुसरा इलाज नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला आणि दिवसाचा दीड जीबी तासाभरात संपला.

लॅपटॉपला हे फुकटचं वायफाय वाटतंय. त्याला सांगा की डेटा मोजका आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या पानावर 'मीटर्ड' असा पर्याय असतो. टर्मिनलमधून करायचं तर 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', मग हॉटस्पॉटचं नाव, मग 'कनेक्शन.मीटर्ड येस'. ग्नोम सॉफ्टवेअर आणि आपोआप अपग्रेड करणारी सेवा या खुणेला मान देतात.

स्नॅप (उबंटूची प्रोग्राम बसवायची दुसरी पद्धत) मात्र वेगळं सांगितल्याशिवाय ऐकत नाही. उबंटूमध्ये फायरफॉक्ससुद्धा स्नॅप म्हणूनच येतो आणि दिवसातून चार वेळा नवं काही आहे का बघितलं जातं. एकेक स्नॅप शंभर-दोनशे एमबीचा असू शकतो, आणि त्याच्यासोबत कधी ग्नोमचा सामायिक गठ्ठाही उतरतो, तो आणखी मोठा. 'सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड' एवढं केलं की मीटर्ड जोडणीवर तो गप्प बसतो. गेल्या तासात त्याने काय उतरवलं ते 'स्नॅप चेंजेस' सांगतं.

ब्राउझर बंद केला तरी तो एसएसमध्ये दिसतो.

क्रोममध्ये 'बंद केल्यावरही मागे चालू ठेवा' अशी सेटिंग सिस्टम विभागात आहे, ती काढा. फायरफॉक्स उघडा असताना रिकाम्या पानावरही बोलत राहतो: धोकादायक साइटची यादी, सूचनांची एक कायम जोडणी, एक्स्टेन्शनचे अपडेट. फार नसतं.

समोरचा पत्ता हैदराबादचा, कधी मुंबईचा, कधी सिंगापूरचा. त्याचं काय करायचं?

फार काही नाही. निम्मं इंटरनेट ॲमेझॉन, गूगल, क्लाउडफ्लेअर, अकामाई यांच्या सर्व्हरवर बसलंय, त्यामुळे सज्जन आणि दुर्जन दोघांचेही पत्ते तिथलेच निघतात. '१ई१००.नेट' हे विचित्र नाव गूगलचं आहे. एकावर शंभर शून्यं म्हणजे गूगॉल, त्यावरून ठेवलेलं. पत्त्याचं गाव दाखवणाऱ्या साइटवरही भिस्त ठेवू नका. निपाणीत बसून स्वतःचा पत्ता तपासलात तरी पुणे किंवा बेंगळुरू दिसू शकतं, कारण कंपनीचं नेट जिथून बाहेर पडतं ते गाव दिसतं, तुमचं नाही. पत्त्याचा मालक कोण एवढं मात्र 'हूइज' कमांडने कळतं.

लॉगमध्ये दर दोन मिनिटांनी 'यूएफडब्ल्यू ब्लॉक' अशी ओळ येते. कुणी सतत हल्ला करतंय का?

यूएफडब्ल्यू ही उबंटूची फायरवॉल. ओळ नीट वाचा. 'एसआरसी' पुढे १९२.१६८.१.१ असेल, म्हणजे पाठवणारा तुमचाच राउटर. 'डीएसटी' पुढे २२४.०.०.१, म्हणजे 'घरातले सगळे'. 'प्रोटो=२' म्हणजे आयजीएमपी. राउटर विचारतोय, 'मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारा डेटा) कुणाला हवंय?' आणि या विचारण्याची ठरलेली मुदत १२५ सेकंद आहे, म्हणून ओळी साधारण दोन मिनिटांच्या अंतराने पडतात. इतक्या नेमाने येणारी गोष्ट क्वचितच हल्ला असते. फायरवॉलने ती अडवली, लिहून ठेवली, प्रश्न मिटला. लॉग फार भरत असेल तर 'सुडो यूएफडब्ल्यू लॉगिंग ऑफ'.

याच जातीचे आणखी पत्ते ओळखून ठेवा. २२४.०.०.२५१ पोर्ट ५३५३ हे एमडीएनएस. प्रिंटर आणि क्रोमकास्ट शोधायला. २३९.२५५.२५५.२५० पोर्ट १९०० हे टीव्ही आणि राउटर एकमेकांना शोधतात ते. आयपीव्ही६ मध्ये 'एफएफ०२' ने सुरू होणारं सगळं याच गटातलं. हे घराच्या बाहेर जात नाही.

ओळीत 'एसआरसी' बाहेरचा आणि 'डीपीटी', म्हणजे आपल्याकडचा पोर्ट, २२, २३ किंवा ३३८९ असेल, तर ते दार ठोठावणं आहे. इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक पत्त्यावर ते होतं. राउटरच्या मागे असताना असं दिसलं तर मात्र विचार करा: राउटरवर पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून आलेलं थेट तुमच्या कॉम्प्युटरकडे वळवणं, कुणी केलाय?

केबलवाल्याची वायर थेट कॉम्प्युटरला लावली आहे. शेजारच्यांचे पत्ते दिसतात.

गल्लीतल्या एका स्विचवर पंचवीस घरं जोडलेली असतील तर प्रत्येकाचा एआरपी सगळ्यांना ऐकू जातो. म्हणजे उलट बाजूने त्यांनाही तुमचा कॉम्प्युटर दिसतो, आणि हीच खरी अडचण. मध्ये एक साधा राउटर घाला, पीपीपीओईचं, म्हणजे केबलवाल्याच्या नेट-लॉगिनचं, नाव-पासवर्ड त्यात भरा. तोवर 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' करून ठेवा; बाहेरून येणारं सगळं मुळातच अडवलेलं असतं, वेगळे नियम लागत नाहीत.

कॉम्प्युटर बंद आहे, तरी नेटच्या खोबणीतला दिवा चालू.

वेक-ऑन-लॅन. कार्ड जागं असतं, कॉम्प्युटर झोपलेला. नको असेल तर बायोसमध्ये बंद करा.

'लिसन' लिहिलेले पोर्ट म्हणजे उघडी दारं का?

'सुडो एसएस -टीयूएलएनपी' मध्ये पोर्टच्या आधीचा पत्ता बघा. १२७ ने सुरू होत असेल तर ते दार घराच्या आतल्या खोलीचं आहे, बाहेरून दिसत नाही. १२७.०.०.५३ वर नावं शोधणारी सेवा, १२७.०.०.१ वर ६३१ म्हणजे छपाई. ०.०.०.० किंवा तारा असेल तर सगळ्यांसाठी उघडं. तिथे २२ दिसला आणि तुम्ही एसएसएच (दुरून कॉम्प्युटरमध्ये येण्याची सोय) वापरत नसाल तर काढून टाका. १७१६ असेल तर केडीई कनेक्ट, १७५०० असेल तर ड्रॉपबॉक्स, ७०७० असेल तर बहुधा एनीडेस्क. कुणीतरी दुरुस्तीला म्हणून टाकून दिलेलं आणि तसंच राहिलेलं. शेवटचं ते नक्की काढा.

राउटर महिन्याला ३०० जीबी दाखवतो, व्हीएनस्टॅट फक्त २०.

मग कॉम्प्युटर निर्दोष आहे. घरातली बाकीची यंत्रं मोजा. अंगणातला सीसीटीव्ही कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिटने क्लाउडवर चित्र पाठवत असेल तर एकटाच दिवसाला जवळजवळ ११ जीबी खातो. राउटरच्या पानावर जोडलेल्यांची यादी असते, ती ओळखीच्या नावांशी ताडून बघा. अनोळखी दिसलं तर पासवर्ड बदला. गणपतीत आलेल्या पाहुण्यांना दिलेला पासवर्ड पुढच्या गणपतीपर्यंत साऱ्या गल्लीत पोचलेला असतो.

प्रोग्राम इतक्या झटकन येतो-जातो की एसएसमध्ये सापडतच नाही.

तेव्हा पाकिटं लिहून ठेवायची: 'सुडो टीसीपीडंप -आय एनी -एन -डब्ल्यू' आणि पुढे फाइलचं नाव. रात्रभर नको, फाइल फुगते. ज्या तासात ट्रॅफिक दिसतं तेवढाच घ्या. नंतर वायरशार्कमध्ये उघडून 'स्टॅटिस्टिक्स'मधलं 'कॉन्व्हर्सेशन्स' बघा आणि बाइटप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. हजार पाकिटं डोळ्यांनी वाचायची गरज नाही.

त्याहून सोपं म्हणजे नवीन उबंटूत 'सुडो रिझॉल्व्हसीटीएल मॉनिटर'. कॉम्प्युटर कोणती नावं विचारतोय ते त्याच क्षणी दिसतं, आणि नावावरून बहुतेक वेळा प्रोग्राम ओळखू येतो. ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस चालू असेल तर त्याची नावं मात्र इथे येत नाहीत.

खरंच घुसखोरी झाली असेल तर ती कशी दिसते?

घरगुती लिनक्सवर सहसा दिसतं ते असं: एसएसएच बाहेर उघडा, पासवर्ड सोपा, आणि आत बसलेला, तुमच्या विजेवर क्रिप्टो नाणी खणणारा प्रोग्राम. पंखा सतत घोंघावतो, 'टॉप'मध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांजवळ, आणि जोडणी एकाच पत्त्याशी तासन्‌तास, ३३३३ किंवा ४४४४ सारख्या पोर्टवर.

संशयित पीआयडी घेऊन 'सुडो एलएस -एल' आणि पुढे 'प्रॉक', पीआयडी, 'ईएक्सई' ही वाट द्या. खरा प्रोग्राम सहसा 'यूएसआर', 'ऑप्ट' किंवा 'स्नॅप'मधला निघतो. वाट 'टीएमपी', 'व्हार टीएमपी' किंवा 'डेव्ह एसएचएम'मधली असेल तर वाईट. पुढे 'डिलीटेड' लिहिलेलं असेल तर घाबरण्याआधी एवढं आठवा: नुकताच अपडेट झालेला आणि पुन्हा सुरू न केलेला चांगला प्रोग्रामही असाच दिसतो. 'के-वर्कर' असं कर्नलचं नाव घेऊन फिरणारे तोतयेही असतात. खऱ्या कर्नल धाग्याला ईएक्सईची वाट नसते. वाट सापडली की तो तोतया.

मग नेटची वायर काढा, पण कॉम्प्युटर लगेच बंद करू नका. चालू प्रोग्रामांची यादी, जोडण्या, वाटा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुन्हा सुरू होण्यासाठी त्याने कुठे दोरी बांधली आहे ते बघा: 'क्रॉनटॅब -एल' स्वतःच्या आणि रूटच्याही नावाने, 'ईटीसी'मधले क्रॉनचे फोल्डर, 'ईटीसी सिस्टमडी सिस्टम', घरच्या फोल्डरातला लपलेला 'ऑटोस्टार्ट', आणि 'एसएसएच' फोल्डरातली 'ऑथराइज्ड कीज'. 'ईटीसी'मध्ये 'एलडी.एसओ.प्रीलोड' ही फाइल तुम्ही स्वतः केलेली नसताना सापडली, तर त्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्याच कमांडच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. 'पीएस' आणि 'एलएस'सुद्धा खोटं सांगत असतील.

साफ करून चालेल का, की नव्याने टाकायचं?

रूटचा अधिकार गेला असेल तर नव्याने टाका. अर्धा दिवस जातो, पण साफसफाईत तीन दिवस जाऊनही खात्री येत नाही. फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या. प्रोग्राम, स्क्रिप्ट आणि लपलेले सेटिंग फोल्डर घेऊ नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, आणि सर्वांत आधी ईमेलचा. बँकेतून पैसे गेले असतील तर कॉम्प्युटरचं नंतर बघा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

पुण्याहून घरच्या कॉम्प्युटरवर यायचं आहे, एसएसएच बंद कसा करू?

बंद करू नका, पासवर्ड बंद करा. पासवर्डऐवजी चालणारी एसएसएच किल्ली (की फाइल) तयार करून आधी तिने आत येता येतं का ते तपासा, मगच एसएसएचडीच्या सेटिंगमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो'. क्रम चुकला तर स्वतःच बाहेर राहाल, आणि दार उघडायला गावी यावं लागेल. सेटिंग खरंच लागली का ते 'सुडो एसएसएचडी -टी' सांगतं, हा टी मोठा. एकच गोष्ट दोन फाइलींत लिहिलेली असेल तर आधी वाचलेली चालते. 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' या जोडफोल्डरातली फाइल मुख्य फाइलच्या आधी वाचली जाते, आणि तिथे कधी 'येस' पडून असतं.

राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामधला असेल तर पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही. कंपनीने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलाय. तिथे वायरगार्डसारखा व्हीपीएन लागतो, आणि त्याचं दुसरं टोक बाहेर खऱ्या पत्त्यावर असावं लागतं. त्याच जोडणीवर आयपीव्ही६ मात्र थेट उघडा असू शकतो, तेव्हा फायरवॉलमध्ये त्याचाही नियम आहे ना, हे 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस' मधल्या 'व्ही६' लिहिलेल्या ओळींत बघून घ्या.